कॅज्युअल्टीत आधी कोणाला पाहतात?

'आम्ही आधी आलो, मग त्याला आधी का घेतले?' या प्रश्नावरून सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत वाद झाला नाही, असा दिवस विरळाच. नातेवाइकांची घालमेल खोटी नसते. पण तेथे क्रम नंबराने लागत नाही, कोणाच्या जिवाला जास्त धोका आहे यावर लागतो. कपाळाला खोक पडून मोठमोठ्याने ओरडणाऱ्याचा श्वास तरी चालू आहे, हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळते. आम्हाला काळजी वाटते ती बाकाच्या टोकाला गप्प बसलेल्या, घामाने डबडबलेल्या माणसाची.

मी इंटर्न असताना पावसाळ्यातल्या एका पहाटे असाच एक मुलगा आला. पोटात दुखते, दोन उलट्या झाल्या, एवढीच तक्रार. रात्रीचे जेवण बाधले असेल म्हणून मी पोटदुखीचे इंजेक्शन देऊन त्याला बसवून ठेवले. थोड्या वेळाने त्याची आई म्हणाली, 'डाक्टर, ह्याचे डोळे का मिटतायत? रातभर भुईवर निजला होता.' तेव्हा माझे डोळे उघडले. मण्यार! तिचा दंश बहुधा झोपेत होतो, फारसा दुखत नाही, सुजत नाही, खूणही अनेकदा सापडत नाही. प्रतिविष दिले, तरी श्वासाचे स्नायू लुळे पडलेच. दोन दिवस आम्ही पाळीपाळीने हाताने फुगा दाबून त्याला श्वास दिला. मुलगा वाचला, श्रेय त्या आईचे.

म्हणून रुग्ण कुठे झोपला होता, काय खाल्ले, त्रास किती वाजता सुरू झाला, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे न विचारताही सांगा.

छातीत दाटून आले की सोडा, ओवा घेऊन सकाळची वाट पाहणारे अजूनही पुष्कळ आहेत. हृदयातली गुठळी विरघळवणारे औषध जितके लवकर तितके गुणकारी. १२ तासांनंतर त्याचा फारसा उपयोग राहत नाही. मधुमेही आणि वृद्धांना तर छातीत न दुखता नुसता दम आणि घाम येऊ शकतो. अशा वेळी रुग्णाला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणू नका, १०८ ला फोन करा. २०१४ पासून ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात मोफत मिळते.

कीटकनाशक पोटात गेले असेल, तर डबा सोबत आणा आणि पोलिसांच्या भीतीने लपवू नका. आधी उपचार, कागदपत्रे नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे.