टेंबलाईला नवे पाणी

आषाढ लागला की पंचगंगेला नवे पाणी येते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती भरून वाहू लागतात (पाचवी सरस्वती गुप्त आहे असे मानतात) आणि नदी चहासारखी लाल होते. हेच पाणी कळशीत भरून कोल्हापुरातल्या गल्ल्यागल्ल्यांतून लोक टेंबलाईच्या टेकडीवर नेतात. वार ठरलेले, मंगळवार आणि शुक्रवार. पोथीत देवीचे नाव त्र्यंबोली आहे, पण आपल्याकडे तसे कोण म्हणतंय? टेंबलाईच.

मी आत्याच्या गल्लीबरोबर टेकडीपर्यंत चालत गेलो होतो. पुढे 'पी ढबाक' वाजत होते. सनईचा पी आणि ढोलाचा ढबाक, असे त्याच्या आवाजावरूनच नाव पडले आहे. मागे मुली आणि बायका, डोक्यावर कळशी, कळशीत लिंबाचा पाला. वर गेल्यावर ते पाणी देवीला वाहिले. परत आल्यावर गल्लीत वर्गणीचे जेवण झाले, ते मी सविस्तर लिहिले तर भित्तिपत्रकाला जागा पुरायची नाही.

आज्जी म्हणते, "नवं पाणी आईला घातल्याबिगार तोंडात घेऊ नगा." नव्या पाण्यातून गॅस्ट्रो, कावीळ असे रोग पसरतात हे आपण विज्ञानात शिकलो. तेव्हा मला वाटते, रोगराईची भीती आणि ही यात्रा यांचा काहीतरी संबंध असावा. पाणी उकळून पिणे मात्र यात्रेनंतरही चुकत नाही.

मित्रांनो, असा सण फक्त आपलाच नाही. जपानमध्ये क्योतो नावाचे शहर आहे. तिथे जुलै महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या आषाढातच, गिओन नावाचा उत्सव असतो. इ. स. ८६९ मध्ये तिकडे मोठी साथ आली. तेव्हा देशात ६६ प्रांत होते, म्हणून ६६ भाले उभे करून देवाची प्रार्थना केली. पुढे त्यातूनच मोठमोठ्या रथांची मिरवणूक सुरू झाली.

त्यांची गोष्ट अशी. एक देव प्रवासात असताना रात्री आसरा मागायला श्रीमंत भावाच्या दारात गेला. त्याने हाकलून दिले. गरीब भावाने, त्याचे नाव सोमिन शोराई, देवाला घरात घेतले आणि होती ती भाकरी, म्हणजे त्यांच्याकडचे धान्य शिजवून वाढले. देवाने सांगितले, गवताचे कडे कमरेला बांधा, साथ आली तरी तुम्हाला काही होणार नाही. म्हणून अजूनही क्योतोतले लोक बांबूच्या पानांची जुडी दारावर टांगतात आणि तिच्यावर लिहिलेले असते की आम्ही सोमिन शोराईचे वंशज. आपला लिंबाचा पाला आणि त्यांची ही पाने! मला तर नवलच वाटले.

आता आपली गोष्ट. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष. त्याने योगदंडाच्या जोरावर देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकले. टेंबलाईने युक्तीने तो दंड काढून घेतला, कामाक्षाला मारले आणि सगळ्यांना पहिले रूप दिले. पण अंबाबाईने विजयाचा सोहळा केला, तेव्हा नेमके टेंबलाईलाच बोलवायचे राहिले. जिने सोडवले तीच विसरली! टेंबलाई रुसली आणि शहराबाहेर पूर्वेच्या टेकडीवर कोल्हापूरकडे पाठ करून बसली.

जपानच्या गोष्टीत श्रीमंत भावाचा नाश होतो. आपल्याकडे तसे काही झाले नाही. अंबाबाईने निरोप धाडला नाही, एवढी मोठी देवी, पण स्वतः उठून टेकडीवर समजूत काढायला गेली. मला हा भाग सगळ्यात आवडतो. आमच्या घरी आत्या आणि आई एका लग्नाच्या आमंत्रणावरून दोन वर्षे बोलत नव्हत्या, म्हणून असेल.

अंबाबाई अजूनही दरवर्षी जाते. नवरात्रात ललिता पंचमीला तिची पालखी टेंबलाईच्या भेटीला निघते. मरताना कोल्हासुराने वर मागितला होता, म्हणून तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात. त्याचा तुकडा मिळावा म्हणून एवढी झुंबड उडते की लहान मुलांनी पुढे घुसू नये, लांबूनच बघावे.