राजमा खाऊ की नको?

प्रश्न : वय 56, टाइप 2 मधुमेह, रोज मेटफॉर्मिन घेते. भोपाळला आल्यापासून घरात राजमा-चावल, छोले वारंवार होतात. शेजारीण म्हणते, कडधान्यांनी साखर वाढते. बंद करू का?
– एक वाचक, भोपाळ

उत्तर : कडधान्यं बंद करू नका, ताई. बंद करायचे तर भटुरे करा! 100 ग्रॅम शिजलेल्या राजम्यात सुमारे 23 ग्रॅम कर्बोदकं असतात, हे खरं. पण सोबत जवळपास 9 ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर चोथा असतो. त्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. टोरांटोचे संशोधक डेव्हिड जेनकिन्स यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधुमेहींना 3 महिने रोज वाटीभर कडधान्यं दिली, तेव्हा त्यांचं एचबीए1सी (रक्तातली दीर्घकाळची सरासरी साखर दाखवणारा आकडा) सरासरी 0.5 टक्क्याने उतरलं.

घोटाळा होतो तो ताटात. दोन मूठ भातावर चार चमचे राजमा, हे उलटं करा : राजमा वाटीभर, भात अर्धी वाटी, बाजूला काकडी-कांदा. सकाळी पोहे-जिलेबीऐवजी मोड आलेल्या मटकीची उसळ खाऊन बघा. विदिशा-सीहोरकडचा हरभरा तर तुमच्या दारातच आहे. राजमा मात्र रात्रभर भिजवून, पाणी टाकून, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवा. कच्चट राहिला तर उलट्या होतात.

जेवणानंतर 2 तासांनी ग्लुकोमीटरवर बघा, तुमचं शरीरच उत्तर देईल. मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा इन्सुलिन, ग्लिमेपिराइड सुरू झालं, तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.