फझ हवा, पण मऊ

प्रश्न : स्ट्रॅटोकास्टरवर लांब, व्हायोलिनसारखे सूर काढायचे आहेत. माझा फझ पेडल नुसता करकरतो. कोणता घेऊ?

उत्तर : लांबणारा सूर हवा असेल तर सरळ बिग मफ घ्या. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने तो 1969च्या सुमारास आणला आणि डेव्हिड गिलमोरच्या हाती तो गाजला. त्यात सिग्नल दोन टप्प्यांत छाटला जातो, म्हणून सूर रेंगाळतो. दोष एकच : मधल्या पट्टीचे स्वर दबतात, आणि बँडसोबत वाजवताना गिटार ऐकूच येत नाही. पुढे मध्यम स्वर उचलणारा ओव्हरड्राइव्ह जोडा.

जर्मेनियमचा फझ फेस अधिक गोड, अधिक लहरी. तापमान वाढलं की त्याचा आवाज बदलतो, त्यामुळे मुंबईच्या मे महिन्यात तो रुसणारच! तो गिटारला थेट जोडा, मध्ये बफर नको. मग गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की करकर विरघळते.

खरं तर खरेदीआधी हेच तुमच्या जुन्या पेडलवर करून पाहा : फझ निम्म्यावर, टोन कमी, नेक पिकअप. दुकानदाराला मी आवडत नाही, ते यामुळेच.