जुन्या सायकलीला नवे बळ

प्रस्तावना

सायकल आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. शाळेत, कारखान्यात, शेतावर किंवा बाजारात जाण्यासाठी आपण कधी ना कधी ती चालवली असेल. अलीकडे आपल्या साध्या सायकलीलाच विजेची मोटार बसवून घेणारे लोक दिसू लागले आहेत. त्यासाठी लागणारा सुट्या भागांचा संच बाजारात विकत मिळतो. पुण्यातील एका शिक्षकाने असा संच आपल्या सायकलीला बसवताना काय घडले, ते प्रस्तुत पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्या : अपरिचित यंत्राचे कार्य लेखक परिचित वस्तूच्या आधारे कसे स्पष्ट करतो, आणि स्वतःची चूक तो कोणत्या शब्दांत सांगतो.

पाठ

माझे घर कात्रजला आणि शाळा स्वारगेटच्या बाजूला. अंतर सुमारे सात किलोमीटर. सकाळी रस्ता उताराचा असल्यामुळे मी फारसे पायडल न मारता शाळेत पोहोचत असे. संध्याकाळी मात्र तोच रस्ता चढाचा होई. पन्नाशी ओलांडल्यावर माझा उजवा गुडघा या चढाबद्दल तक्रार करू लागला. स्कूटर घ्यावी, असे घरच्यांचे म्हणणे होते. पण सायकल सोडण्यास माझे मन तयार होईना. वडिलांनी १९७४ साली घेतलेली काळी, दांडीची, अठ्ठावीस इंची सायकल मी अजूनही तेलपाणी करून वापरत होतो. तिलाच मोटार बसवावी, असे मी २०२२ च्या उन्हाळ्यात ठरवले आणि संच मागवला.

खोके उघडले तेव्हा आत मोटार, बॅटरी, चार्जर, नियंत्रकाची छोटी पेटी, ब्रेकच्या दोन मुठी, वेग वाढवण्याची एक मूठ, पायडल फिरत आहे की नाही हे ओळखणारी लोहचुंबकांची चकती आणि वायरींचा गुंता निघाला. तळाशी एक लहानशी पुडी होती. तीत चार-पाच वायसर होते. त्या पुडीकडे मी लक्ष दिले नाही. तिच्याविषयी पुढे सांगायचेच आहे.

मोटार चाकाच्या मध्यभागी, म्हणजे हबच्या जागी बसते. तिच्या कवचाला छिद्रे असतात; त्यांत आरे ओवून चाक बांधावे लागते. हे काम माझ्या हातचे नव्हते. म्हणून मी ती सायकल आणि मोटार घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. काकांनी मोटार हातात घेऊन उलटसुलट पाहिली, छिद्रे मोजली आणि खाली ठेवली.

"सर, हिला छत्तीस आरे लागतात. तुमच्या पुढच्या चाकाला बत्तीस आहेत, मागच्याला चाळीस. पण ते राहू द्या. छत्तीस भोकांची रिम कुठूनही आणता येईल. हे ब्रेक बघा."

त्यांनी मागचे चाक जोराने फिरवले, त्यावर मगभर पाणी ओतले आणि ब्रेक दाबला. जुन्या सायकलींना लोखंडी सळ्यांचे ब्रेक असतात. त्यांचे रबर रिमच्या आतल्या अंगाला टेकते. ओल्या लोखंडी रिमवर ते रबर नुसते घसरत राहिले. चाक थांबायला बराच वेळ लागला.

"पायाने चालवता तोवर ठीक आहे. मोटार लावून पावसात कात्रजचा उतार उतरणार का तुम्ही? तुमच्या वडिलांची सायकल आहे, तिला तिच्या चालीनं चालू द्या."

मला त्यांचा थोडा रागच आला. घरी येऊन वहीवर आकडेमोड केली तेव्हा तो ओसरला. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १२ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल ताशी २४ किलोमीटर वेगाने जाऊ लागली, तर वेग दुप्पट होतो. पण ब्रेकने शोषून घ्यावयाची ऊर्जा चौपट होते. मोटार विकणारा वेग विकतो. ब्रेकचा विचार आपला आपल्यालाच करावा लागतो. अखेर माझ्या मुलाची पडून राहिलेली सव्वीस इंची सायकल मी बाहेर काढली. तिला दोन्ही बाजूंनी रिम आवळून धरणारे ब्रेक होते, सांगाडा पोलादी होता आणि रिमला छिद्रे छत्तीसच होती. काकांनी तिचे मागचे चाक मोटारीवर बांधून दिले आणि ब्रेकचे चारही रबर बदलले.

पाठगत प्रश्न
(अ) काकांनी चाकावर पाणी का ओतले?
(आ) लेखकाचा राग कशामुळे ओसरला?

उरलेली जोडणी मी एका रविवारी घरीच केली. वायरींचे रंग जुळवायचे होते, जोडण्या एकमेकींत बसवायच्या होत्या. ब्रेकची नवी मूठ दाबताच मोटारीचा वीजपुरवठा तुटतो, ही त्यातील मला सर्वांत आवडलेली सोय. संध्याकाळी चाक अधांतरी धरून मूठ पिळली आणि ते गुणगुणत फिरू लागले, तेव्हा झालेला आनंद लहान मुलासारखा होता, हे कबूल करायला हवे.

मोटार नेमके किती काम करते, हेही येथे सांगतो. माझे वजन, सायकल आणि दप्तर मिळून सुमारे ९५ किलो होतात. सपाट रस्त्यावर ताशी १२ किलोमीटर वेगाने जाण्यास साधारण ४० वॅट शक्ती पुरते. रस्ता शंभर मीटरमागे दोन मीटर चढू लागला की त्याच वेगासाठी सुमारे १०० वॅट लागतात. डोळ्यांना तो चढ जाणवतही नाही, परंतु गुडघ्याला तो अडीचपट होऊन कळतो. २५० वॅटची मोटार असा चढ ताशी १८ किलोमीटर वेगानेही सहज पार करते.

सोमवारी संध्याकाळी मी दिमाखात शाळेतून निघालो. धनकवडीच्या पुढे सिग्नल सुटल्यावर, मागून येणाऱ्या बसच्या पुढे निघून जावे म्हणून मी मूठ पूर्ण पिळली. मागे 'कडकड' असा आवाज झाला, सायकलीला हिसका बसला आणि मोटार बंद पडली. बसचालकाने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून आज हे लिहितो आहे. खाली उतरून पाहिले, तर मागच्या चाकाचा आस आपल्या खाचेत फिरला होता, चाक तिरके झाले होते आणि मोटारीच्या वायरी पिळ पडून तुटल्या होत्या. उरलेला रस्ता मी सायकल ढकलत चाललो.

दुसऱ्या दिवशी काकांनी सायकल पाहिली आणि विचारले, "सर, संचात वायसरची पुडी असेल ना?"

"होती. मला वाटलं, जास्तीचे दिले असतील."

"जास्तीचं कोणी काही देत नाही हो," ते म्हणाले.

पुडीतील वायसर साधे नव्हते. त्यांना एका बाजूला दात होता. तो दात खाचेत अडकतो आणि आसाला फिरू देत नाही. याची गरज का असते, हे समजण्यासाठी जाते आठवावे. जात्याची वरची तळी फिरते आणि खालची स्थिर राहते. खालची तळी घट्ट बसलेली नसेल, तर खुंटा ओढताच तीही सरकू लागेल आणि दळण होणार नाही. हबमधील मोटारीचेही तसेच असते. बाहेरचे कवच चाकासह फिरते. मधला आस स्थिर असतो. मोटार कवचाला जितक्या जोराने पुढे ढकलते, तितक्याच जोराने आसाला मागे ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. चाकाच्या नटापाशी मात्र तो मला आठवला नाही. साध्या सायकलीच्या आसावर असा पीळ कधी येत नाही, म्हणून तिची खाच त्यासाठी बनवलेली नसते. आता माझ्या सायकलीला दाताचे वायसर आहेतच. शिवाय आसाला पकडून सांगाड्याला आवळलेली एक लोखंडी पट्टीही काकांनी बसवली आहे. मोटार पुढच्या चाकात बसवणाऱ्यांनी तर ही काळजी दुप्पट घ्यावी. चिमट्यातून पुढचे चाक निसटले, तर स्वार तोंडावरच आपटतो. ॲल्युमिनियमच्या चिमट्यात ती न बसवणेच बरे, कारण तो धातू वाकत नाही, एकदम तुटतो.

ही कल्पना नवी आहे असे मात्र नाही. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांना मागच्या चाकाच्या हबमध्ये मोटार असलेल्या सायकलीचे पेटंट ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळाले होते. मग ती घरोघर यायला शंभर वर्षांहून अधिक काळ का लागला? मुख्य अडचण बॅटरीच्या वजनाची होती. माझी बॅटरी ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची आहे, म्हणजे तीत ३६० वॅट-तास ऊर्जा मावते. एवढ्याच ऊर्जेसाठी शिशाच्या बॅटऱ्या वापरल्या, तर वजन बारा किलोच्या आसपास जाते. लिथियम-आयन बॅटरी तीन किलोच्या आत बसते. ही बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, आणि तिच्या विकासाबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना देण्यात आले.

एका वेळच्या चार्जिंगवर माझे दोन दिवसांचे जाणे-येणे होते, आणि त्याला अर्ध्या युनिटाहून कमी वीज लागते. स्वस्ताईचा हा हिशेब सर्वजण आवडीने सांगतात; बॅटरीची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. तिच्या आत बोटाएवढ्या ४० घटांची जुळणी असते आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे एक परिपथफलक असते. हलक्या प्रतीची, फुगलेली, आपटलेली किंवा भलत्याच चार्जरला लावलेली बॅटरी पेट घेऊ शकते, आणि ती आग विझवणे अतिशय कठीण असते. म्हणून आम्ही ती रात्री झोपेत असताना किंवा घराच्या दारापाशी चार्ज करत नाही. बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा ठेवतो. पावसाळ्यासाठी काकांनी आणखी एक युक्ती सांगितली. प्रत्येक वायर जोडणीच्या आधी थोडी खाली झुकवून मग वर न्यावी. पाणी त्या झोलावरून ठिबकून जाते, जोडणीत शिरत नाही.

कायद्याविषयीही दोन शब्द. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार, मोटारीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर इतर अटी पाळून बॅटरीवर चालणारे वाहन 'मोटार वाहन' समजले जात नाही. मात्र या अटींची पडताळणी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने करावी लागते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशीच एक संस्था होय. घरी जोडलेल्या सायकलीला असे प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. संच घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. दुकानात हजार-दीड हजार वॅटच्या मोटारीही मिळतात. तशी मोटार बसवलेली सायकल कायद्याच्या दृष्टीने सायकल राहत नाही, आणि तिचे ब्रेक मात्र सायकलीचेच राहतात.

मी मूठ आता क्वचितच पिळतो. पायडल मारू लागलो की चुंबकांची चकती नियंत्रकाला खबर देते आणि मोटार हात लावते. पाय थांबले की तीही थांबते. गुडघा चालता राहतो, पण त्याच्यावर भार येत नाही. दर शनिवारी पाना घेऊन मागचे दोन्ही नट आवळून पाहतो. वडिलांची काळी सायकल रविवारी मंडईत जाण्यासाठी आहे. तिच्या हँडलला दोन पिशव्या लावल्या की येताना मी चढावर खाली उतरतो आणि तिला हाताने घेऊन चालतो.

शब्दार्थ

आस : ज्याभोवती चाक फिरते तो मधला दांडा. आरे : हब व रिम यांना जोडणाऱ्या तारा. चिमटा : सायकलीचे पुढचे चाक धरणारा दुपाखी भाग. घट : बॅटरीतील वीज साठवणारा एकेक कप्पा. परिपथफलक : विजेच्या जोडण्या असलेली पातळ पट्टी. हात लावणे : मदत करणे.

स्वाध्याय

१. 'जास्तीचं कोणी काही देत नाही हो' हे वाक्य कोणी, कोणास व केव्हा म्हटले? त्यातून बोलणाऱ्याचा कोणता अनुभव प्रकट होतो?

२. जाते आणि हबमधील मोटार यांतील साम्य तुमच्या शब्दांत लिहा. तुमच्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या यंत्राचे कार्य अशाच परिचित वस्तूच्या आधारे पाच-सहा वाक्यांत समजावून सांगा.

३. काकांनी वडिलांच्या सायकलीला मोटार बसवण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे तुम्हाला पटते का? सकारण लिहा.

४. ४८ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत किती वॅट-तास ऊर्जा मावेल?

५. पाठातील संवादांची भाषा आणि निवेदनाची भाषा यांत फरक आहे. संवादातील कोणतीही दोन वाक्ये निवडून ती प्रमाण लेखनाच्या भाषेत लिहा.