काढा म्हणजे औषधच गं

अगं, रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतेस म्हणालीस ना? घाबरू नकोस, ओरडणार नाहीये. मला तोंडच नाही ओरडायला! २०२० मध्ये मीही घरातल्या प्रत्येकाला पेलाभर पाजत होते. नवरा त्याचा पेला गुपचूप तुळशीच्या कुंडीत रिकामा करायचा, हे मला तुळस वाळल्यावर कळलं.

खरं सांगू का, त्याच वर्षी मुंबईत यकृताला सूज आलेले सहा पेशंट सापडले, सगळे गुळवेल घेणारे. त्यात चौघी बायका. २०२१ मध्ये हे छापून आल्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. २०२२ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांतून अशा ४३ जणांची नोंद आली. बघ, वेलींचा वाद तज्ज्ञ मिटवतील. पण शेजारणीने कुंपणावरून तोडून दिलेली वेल नेमकी कुठली, हे तुला ओळखता येईल? मला नाही येत.

आणि तुला थायरॉइडचा त्रास आहे, म्हणून जास्त सांगतेय. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते. ही शक्ती आधीच आपल्याच शरीरावर उलटलेली असेल, आणि थायरॉइडमध्ये पुष्कळदा तसं असतं, तर यकृतावरही उलटू शकते, असं डॉक्टर म्हणतात. त्या ४३ जणांना त्रास साधारण दीड महिन्याने सुरू झाला, म्हणून काढ्यावर संशयच येत नाही. काढा बंद केल्यावर बहुतेकजण सावरले, पण सगळे नाही.

आपली खोड काय माहितीये? डॉक्टर विचारतात, 'काही औषधं चालू आहेत?' आपण थायरॉइडची गोळी सांगतो आणि गप्प बसतो. काढा, चूर्ण, हळदीच्या कॅप्सूल हे सगळं आपल्या लेखी स्वयंपाकघरातलं! फोडणीतल्या हळदीला घाबरू नकोस हं, कॅप्सूलमधली मात्रा वेगळीच असते.

काढा थांबवलास तर सासूबाई रागावतील ही धास्ती आहे ना? 'डॉक्टरांनी तपासणी होईपर्यंत थांबायला सांगितलंय' म्हण. डॉक्टरांच्या नावावर मी याहून मोठ्या थापा पचवल्यात. लघवी गडद पिवळी दिसली, अन्नावरची वासना गेली, अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. नाहीतर याच आठवड्यात लिव्हरची रक्ततपासणी करून घे, आणि डॉक्टरांकडे जाताना काढा, चूर्ण, जे काही घेतेस ते दाखवायला पर्समध्ये टाक. रिपोर्ट आला की आधी मला फोन कर.