मत्स्यपेटीतील पाणवनस्पतींकरिता काळ्या दगडाची कच

शेतीस पूरक धंदा म्हणून शोभिवंत माशांच्या संगोपनाकडे अलीकडे अनेक शेतकरी कुटुंबे वळू लागली आहेत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही या धंद्याचा समावेश करण्यात आला. केवळ मासे विकण्यापेक्षा पाणवनस्पती लावून तयार केलेली काचेची पेटी विकल्यास मोबदला अधिक मिळतो, हे या धंद्यातील मंडळी जाणतात. अशा पेटीचा तळ काळसर असावा, अशी शहरातील गिऱ्हाइकाची सहसा अपेक्षा असते. परंतु हा तळथर कशाचा करावा, या प्रश्नापाशीच पुष्कळांचे अंदाजपत्रक कोलमडते. त्या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

काळ्या तळाची आवड ही निव्वळ हौस नव्हे. माशांच्या त्वचेत रंगद्रव्य बाळगणाऱ्या पेशी असतात आणि सभोवारच्या उजेडाप्रमाणे त्यांतील द्रव्य आकुंचन वा प्रसरण पावते. पांढऱ्या वाळूवर ठेवलेला मासा म्हणूनच फिका पडतो व बुजरा होतो. तोच काळ्या तळावर काही दिवसांत खुलतो. वनस्पतींची हिरवाईही काळ्यावर उठून दिसते. मात्र काळेपणा आणि सुपीकता यांचा येथे काहीही संबंध नाही. शेतीतील अनुभवामुळे आपल्या मनात काळे म्हणजे कसदार असे समीकरण बसलेले असते. मत्स्यपेटीत ते फसवे ठरते. प्रस्तुत लेखकही त्याला फसला होता.

दुकानात मिळणारी भाजीव दाणेदार माती प्रथम विचारात घेऊ. ज्वालामुखीजन्य मातीचे हे दाणे असून त्यांत अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती चांगली असते. शिवाय पाण्याचा कठीणपणा ते काही अंशी शोषून घेतात. माल उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण तो बहुधा परदेशातून येतो व किलोच्या भावाने विकला जातो. पेट्या विकण्याचा धंदा करणाऱ्यास तो परवडणे अवघड. त्यातही आपल्याकडील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुतेक ठिकाणी कठीण असते. अशा पाण्यात या दाण्यांची शोषणशक्ती लवकर संपते, कालांतराने दाणे फुटून त्यांचा चिखल होतो आणि सारा थर बदलावा लागतो.

काही वर्षांपूर्वी एका गावातील महिला बचत गटाने विक्रीसाठी सहा पेट्या मांडावयाचे ठरविले व सल्ला विचारला. शेतातील काळी माती चाळून तळाशी घालावी व वर वाळूचा पातळ थर द्यावा, असे मी सांगितले. माती फुकटची, रंग काळा, कस उत्तम; मला त्यात काही खोट दिसली नाही. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झाले आणि दोन आठवडे लोटले तरी निवळले नाही. मासे सोडण्याची घाई झाली होती. त्यांतील निम्म्याहून अधिक दगावले. बचतीचे पैसे गेले. ‘साहेब, माती आमचीच होती, मग मासे का मेले?’ असे गटाच्या अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारले, तेव्हा मजजवळ तयार उत्तर नव्हते.

उत्तर नंतर ध्यानी आले. आपल्या काळ्या मातीतील चिकणमाती प्रामुख्याने मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाची असते. पाणी लागताच ती फुगते, तिचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात व वनस्पतीचे मूळ उपटताच पुन्हा वर येतात. या मातीत चुनखडीचे खडे असतात; त्यांनी पाणी अधिकच कठीण होते. शेतातील मातीत सेंद्रिय अंश कुजून अमोनिया सुटतो, शिवाय पिकावर फवारलेल्या औषधांचा अंश राहिलेला असू शकतो. पीक जे सोसते ते मासा सोसत नाही.

उपाय सुचला तो त्याच गटातील एका वयस्कर बाईंना. त्यांच्या घराचे बांधकाम चालू होते व दाराशी खडी क्रशरवरील कच पडली होती. ‘हे काळंच आहे की साहेब. तांदूळ धुतो तसं धुऊन घालू,’ असे त्या म्हणाल्या. आज मी जी शिफारस करतो ती मूळची त्यांची आहे.

महाराष्ट्राचा फार मोठा भाग ज्या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्टने व्यापला आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थिजलेला थर होय. खडी फोडताना निघणारी बारीक कच बांधकामासाठी ब्रासच्या मापाने विकली जाते. पेटीपुरती दोन-चार घमेली तर कोणीही सहज देतो. हा दगड पाण्यात विरघळत नाही, त्याचा रंग जात नाही आणि भिजल्यावर तो अधिकच काळा दिसतो. रंग दिलेल्या स्वस्त खड्यांप्रमाणे त्याचे कवच सुटण्याचे भय नाही. मात्र पूर्व विदर्भ व दक्षिण कोकणाच्या काही भागांत निराळे खडक आहेत. तेथील क्रशरवरचा दगड बेसॉल्टच असेल असे गृहीत धरू नये.

क्रशरवरून आणलेल्या कचेत पिठासारख्या भुकटीपासून वाटाण्याएवढ्या खड्यांपर्यंत सर्व असते. त्यांतील २ ते ४ मिलिमीटरचे दाणे आपल्याला हवेत. याहून बारीक कण दाटून बसतात, तळाशी हवा खेळत नाही व पुढे सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते. याहून मोठ्या खड्यांच्या फटींत माशांचे अन्न पडून कुजते. दोन निरनिराळ्या चाळण्यांनी हे काम होते. चाळल्यावर धुणे. येथे आळस करणाऱ्यास पुढे महिनाभर पश्चात्ताप करावा लागतो. एका वेळी अर्धे घमेलेच घ्यावे, हाताने घोळसून वरचे राखाडी पाणी ओतून द्यावे व पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवावे. दहा-बारा पाणी सहज लागतात. हे पाणी मोरीत ओतू नये, भुकटी बसून ती तुंबते. झाडाच्या आळ्यात ओतावे.

धुण्यापूर्वी चुन्याची परीक्षा अवश्य करावी. मूठभर कच कुटून तिच्यावर स्वयंपाकातील व्हिनेगर टाकावे. बुडबुडे फसफसल्यास तीत चुना आहे असे समजावे. बेसॉल्टच्या पोकळ्यांत कधीकधी पांढरे स्फटिक आढळतात. त्यांतील काही निरुपद्रवी असतात, तर काही चुनखडीचे. ही परीक्षा त्यांचा निवाडा करते. केवळ काळा रंग पाहून भुलू नये. आपल्या स्वयंपाकघरातील ओट्याची कडप्पा फरशी काळीभोर दिसते, पण ती चुनखडकाची आहे. तिचा चुरा पेटीत चालत नाही. फरशीकामातील रंगीत चिप्स बहुधा संगमरवराच्या असतात, त्याही नकोत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळी वाळू मोहक खरी, परंतु तीत शिंपल्यांचा चुरा व मीठ असते. शिवाय किनाऱ्याची वाळू उचलणे योग्यही नव्हे. भट्टीतील कोळशाची जळी व कारखान्यातील मळी यांत गंधक व धातूंचे अंश असल्याने त्यांचा विचारही करू नये.

६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद पेटीत सरासरी ५ सेंटिमीटरचा थर द्यावयाचा झाल्यास ९ लिटर, म्हणजे अंदाजे १४ किलो कच लागते. पुढील बाजूस थर ३ ते ४ व मागे ६ ते ७ सेंटिमीटर ठेवल्यास पेटी खोल भासते व मोठी झाडे मागे लावता येतात.

कच वनस्पतीला आधार देते, अन्न देत नाही. अन्न मुळापाशी निराळे द्यावे लागते. त्यासाठी जांभ्या दगडाची तांबडी माती उपयोगी पडते. तीत लोह भरपूर व चुना अत्यल्प असतो. लागवडीखाली नसलेल्या जागेतील माती वस्त्रगाळ करून, मळून, खेळातल्या गोटीएवढे गोळे वळावेत व सावलीत कडक वाळवावेत. प्रत्येक मोठ्या झाडाच्या मुळाशी एक गोळा थराच्या तळापर्यंत दाबावा. तेथे प्राणवायू कमी असल्याने लोह मुळांना घेता येईल अशा रूपात येते. नत्र व स्फुरद माशांच्या विष्ठेतून मिळते. शेणखत मात्र कोणत्याही रूपात घालू नये. व्हॅलिस्नेरिया व क्रिप्टोकोरीन यांना हे गोळे मानवतात. हायड्रिला बरेचसे अन्न पाण्यातूनच घेते. अनुबियासचे खोड तर थरात पुरूच नये, ते दगडाला दोऱ्याने बांधावे.

वनस्पती लावून पाणी भरल्यावर निदान चार ते सहा आठवडे मासे सोडू नयेत. अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू कचेच्या दाण्यांवर वाढण्यास तेवढा काळ लागतो. पहिल्या खेपेस आम्ही हेही पाळले नव्हते.

या कचेचा एक दोष सांगणे भाग आहे. तिच्या कडा तीक्ष्ण असतात. तळ उकरून चरणाऱ्या, मिशा असलेल्या माशांच्या मिशा त्यावर झिजतात. असे मासे ठेवणाऱ्याने गोल दाण्याची, चुन्याची परीक्षा केलेली बारीक खडीच वापरावी, रंग थोडा फिका असला तरी. वनस्पतींविषयीही एक विनंती आहे. कास पठारावरील वायतुऱ्यासारख्या दुर्मिळ वनस्पती पेटीसाठी उपटून आणू नयेत. रोपवाटिकेत वाढविलेलीच रोपे घ्यावीत.

पेटी मोडावयाची झाल्यास कच टाकून द्यावी लागत नाही. मुळांचे अवशेष काढून ती धुवावी, कडक उन्हात वाळवावी व पोत्यात भरून ठेवावी. त्या गटाच्या बाईंनी पहिल्या वर्षी धुतलेली कच आजही त्यांच्या पेट्यांत आहे.