रक्तातला आकडा

कर्करोग म्हटला की गाठ, शस्त्रक्रिया आणि मुंबईची वारी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. रक्त तपासून कर्करोग कळतो काय? बहुतेक कर्करोगांच्या बाबतीत ‘केवळ तेवढ्याने नाही’ हेच उत्तर आहे. परंतु एका दुर्मिळ कर्करोगात रक्तातला एक आकडा जवळजवळ सर्व काही सांगून जातो.

वारेच्या पेशींपासून उद्भवणाऱ्या या रोगाला कोरिओकार्सिनोमा म्हणतात. पुष्कळदा त्याआधी द्राक्षगर्भ झालेला असतो. म्हणजे गर्भ नीट न वाढता वारेवर द्राक्षांच्या घडासारखे पाण्याचे फोड येतात. वारेच्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक तयार करतात. दिवस गेल्याची लघवीची तपासणी याच संप्रेरकावर आधारलेली आहे. रोगट पेशीही तेच तयार करतात. त्यामुळे रोग वाढला की आकडा चढतो आणि हटला की उतरतो.

१९५६ साली अमेरिकेत मिन चिउ ली व रॉय हर्ट्‌झ यांनी मेथोट्रेक्झेट या औषधाने हा रोग हटविला. ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत हे औषध तयार झाले, तेथील संशोधनाची धुरा आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी वाहिली होती. त्या काळी संप्रेरक लघवीत मोजत. लक्षणे गेली तरी संप्रेरक आहे तोवर रोग आहे, असे मानून ली यांनी औषध चालू ठेवले. त्यापायी १९५७ साली त्यांची नोकरी गेली. पण म्हणणे त्यांचेच खरे ठरले. १९७२ साली त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी हे संप्रेरक रक्तात अचूक मोजण्याची पद्धतही प्रसिद्ध झाली.

म्हणूनच द्राक्षगर्भ काढल्यावर आकडा सामान्य होईपर्यंत दर आठवड्याला आणि पुढे काही महिने दरमहा रक्त तपासतात. या काळात दिवस जाऊ न देणे आवश्यक असते, कारण गर्भामुळेही हाच आकडा वाढतो आणि रोगाची खूण झाकली जाते.

खरी अडचण येथेच आहे. बाईला बरे वाटू लागते आणि तपासणी सुटते. आपल्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नेमके तेच महिने तपासणीचे असले तर? अशा वेळी दवाखान्याचे कागद टोळीबरोबर गेले पाहिजेत आणि कारखान्याजवळच्या शहरात रक्त तपासले गेले पाहिजे. वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. पुष्कळींना पुढे मातृत्वही लाभते.

आपण शिकलेल्या मुलामुलींनी घरच्या बायाबापड्यांना एवढे जरी समजावून सांगितले, तरी आपल्या शिक्षणाचे चीज होईल.